नवरा तुरुंगात, बायकोला व्हिसा नाही : दहशतवादविरोधी प्रवासबंदी कैद्यांची कुटुंबं कशी तोडते?

१७ डिसेंबर २०१४. अमेरिका आणि क्युबा यांनी अर्ध्या शतकाचं वैर बाजूला ठेवून राजनैतिक संबंध पुन्हा सुरू करण्याची घोषणा केली. त्याच दिवशी अमेरिकेच्या तुरुंगात १६ वर्षं काढलेले क्युबाचे गुप्तहेर हेरार्दो हर्नांदेझ हवानाला परतले. क्युबाभर आनंद झाला, पण टीव्हीवर त्यांची पत्नी आद्रियाना पेरेझ दिसल्या आणि लोक चक्रावले. त्या गरोदर होत्या आणि दिवस अगदी भरत आले होते.

नवरा १९९८ पासून गजाआड आणि बायकोला भेटीसाठी अमेरिकेचा व्हिसा वर्षानुवर्षं नाकारलेला. मग हे मूल कसं?

या प्रश्नाचं उत्तर पुढे येईलच. पण त्याआधी दुसरा प्रश्न समजून घ्यावा लागतो. जिच्यावर कुठलाही आरोप नाही, खटला नाही, अशा बाईला तुरुंगातल्या नवऱ्याला भेटण्यापासून एखादा देश इतकी वर्षं कसा काय रोखू शकतो? आणि हा एका जोडप्याचा प्रश्न दोन देशांमधल्या वादाचा विषय कसा बनतो?

'क्युबन फाइव्ह' हे प्रकरण नेमकं काय?

१२ सप्टेंबर १९९८ रोजी अमेरिकेच्या एफबीआयनं मायामीत छापे टाकून क्युबाच्या हेरांचं एक जाळं पकडलं. या जाळ्याचं नाव होतं 'वास्प नेटवर्क', म्हणजे गांधीलमाशांचं जाळं. पकडलेल्यांपैकी काहींनी गुन्हा कबूल करून सरकारशी तडजोड केली. पाच जणांनी मात्र खटला लढवला. हेरार्दो हर्नांदेझ, रामोन लाबान्यिनो, अँतोनियो गेरेरो, फर्नांदो गोन्झालेझ आणि रेने गोन्झालेझ हे ते पाच जण. जगभर ते 'क्युबन फाइव्ह' म्हणून ओळखले गेले.

क्युबाचं म्हणणं असं की हे लोक अमेरिकी सरकारवर नव्हे, तर मायामीतल्या कॅस्ट्रोविरोधी गटांवर पाळत ठेवत होते. त्यामागे कारणही होतं. १९७६ मध्ये क्युबाच्या प्रवासी विमानात बॉम्बस्फोट होऊन ७३ जण मारले गेले होते. १९९७ मध्ये हवानातल्या हॉटेलांमध्ये स्फोटांची मालिका झाली, त्यात एका इटालियन माणसाचा जीव गेला. या हल्ल्यांचे धागेदोरे परदेशात राहणाऱ्या कॅस्ट्रोविरोधी क्युबनांपर्यंत जात होते.

अमेरिकेची बाजू वेगळी होती. हे पाच जण परक्या सरकारचे नोंदणी न केलेले एजंट होते आणि त्यातल्या काहींचा डोळा लष्करी तळांवरही होता, असा सरकारी पक्षाचा आरोप होता. सर्वांत गंभीर आरोप हर्नांदेझ यांच्यावर होता. २४ फेब्रुवारी १९९६ रोजी क्युबाच्या लढाऊ विमानांनी मायामीतल्या 'ब्रदर्स टू द रेस्क्यू' या संघटनेची दोन छोटी विमानं पाडली होती. त्यात चार जण मारले गेले. त्या हत्यांच्या कटात हर्नांदेझ सामील होते, असं मायामीच्या ज्युरीनं जून २००१ मध्ये ठरवलं. त्यांना दोन जन्मठेपा आणि वर १५ वर्षं अशी शिक्षा झाली. त्या चौघांच्या कुटुंबीयांसाठी ही शिक्षा म्हणजे न्याय होता आणि पुढे हर्नांदेझ यांची सुटका झाली तेव्हा त्यांनी तिचा कडाडून निषेध केला.

खटला न्याय्य होता की नाही, यावर आजही दोन मतं आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या मनमानी अटकेसंबंधीच्या कार्यगटानं २००५ मध्ये ही कैद मनमानी असल्याचं मत दिलं. अमेरिकेला ते मान्य नव्हतं. पण कैद्यांच्या बायकांचा प्रश्न या वादापासून वेगळा करता येतो. नवरा दोषी आहे हे गृहीत धरलं, तरी तो प्रश्न उरतोच.

बायकांना व्हिसा का नाकारला?

हर्नांदेझ आणि आद्रियाना यांचं लग्न १९८८ मधलं. शिक्षा झाल्यावर आद्रियानांनी भेटीसाठी व्हिसा मागितला. २००२ च्या जुलैमध्ये तो मिळालाही. त्या विमानानं ह्यूस्टनला उतरल्या आणि तिथेच त्यांना ताब्यात घेण्यात आलं. सुमारे ११ तास चौकशी झाली, व्हिसा रद्द झाला आणि त्यांना परत पाठवण्यात आलं. नवरा ज्या देशात कैद होता त्या देशाच्या विमानतळापर्यंत त्या पोहोचल्या होत्या, पण भेट झाली नाही. त्यानंतर त्यांचे अर्ज एकामागून एक फेटाळले गेले.

दुसरी बाई ओल्गा सालानुएवा, रेने गोन्झालेझ यांची पत्नी. रेने यांचा जन्म शिकागोचा, म्हणजे ते अमेरिकी नागरिक. ओल्गाही मायामीतच राहत होत्या. नवऱ्याचा खटला सुरू होण्याच्या सुमारास, नोव्हेंबर २००० मध्ये, त्यांना देशाबाहेर काढण्यात आलं. २००२ च्या मार्चमध्ये त्यांना भेटीसाठी व्हिसा मिळाला आणि पुढच्याच महिन्यात तो रद्द झाला. या जोडप्याला दोन मुली. धाकटी वडिलांच्या अटकेवेळी काही महिन्यांची होती.

नकाराची कारणं वेळोवेळी बदलत गेली. कधी हेरगिरीचा संशय, कधी आधीची हकालपट्टी, कधी राष्ट्रीय सुरक्षा, तर कधी दहशतवादविरोधी कायदा. ओल्गा या जाळ्याच्या सदस्य होत्या आणि आद्रियाना यांना हेरगिरीचं प्रशिक्षण दिलं जाणार होतं, असा अमेरिकी सरकारचा दावा होता. पण या दोघींपैकी कुणावरही त्यासाठी कधी खटला चालला नाही. ओल्गा तर नवऱ्याच्या अटकेनंतर दोन वर्षं अमेरिकेतच राहत होत्या.

गंमत म्हणजे याच पाच कैद्यांच्या आया आणि इतर नातेवाइकांना व्हिसा मिळत होता. तो उशिरा मिळे, त्यामुळे भेटी कमी होत, पण मिळे. म्हणजे देश तोच, तुरुंग तसेच आणि कायदाही तोच. कायद्यामुळे भेट अशक्यच होती, असं म्हणायला जागा नव्हती. अधिकाऱ्यांच्या हातात निर्णय होता आणि या दोघींच्या बाबतीत तो प्रत्येक वेळी 'नाही' असाच आला.

कायदा काय म्हणतो?

अमेरिकेचं परराष्ट्र खातं दहशतवादाला पाठिंबा देणाऱ्या देशांची एक यादी ठेवतं. क्युबा १९८२ मध्ये या यादीत गेला. तोवर या यादीचा मुख्य परिणाम व्यापार, मदत आणि शस्त्रविक्री यांवर होत असे.

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर चित्र बदललं. मे २००२ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी सीमा सुरक्षा आणि व्हिसा सुधारणांच्या नव्या कायद्यावर सही केली. त्याच्या कलम ३०६ नुसार यादीतल्या देशाच्या माणसाला पर्यटन, शिक्षण, भेट अशा तात्पुरत्या कामासाठी व्हिसा द्यायचा नाही. अपवाद एकच. त्या माणसापासून अमेरिकेच्या सुरक्षेला धोका नाही, अशी परराष्ट्रमंत्र्यांची खात्री पटली पाहिजे.

वरवर पाहता हे रास्त वाटतं. पण यात एक उलटापालट आहे. नेहमीच्या न्यायात माणूस दोषी आहे हे सरकारनं सिद्ध करायचं असतं. इथे माणूस धोकादायक आहे असं धरूनच सुरुवात होते आणि धोका नाही याची सरकारला खात्री पटेपर्यंत दार बंद राहतं. ही धारणा तयार होते ती त्या माणसाच्या वागण्यावरून नव्हे, तर पासपोर्टवरच्या देशाच्या नावावरून.

कोर्टात दाद मागता येत नाही का?

जवळजवळ नाही. व्हिसा देणारा अधिकारी वकिलातीत बसतो आणि त्याच्या निर्णयात न्यायालयं सहसा हात घालत नाहीत, हे अमेरिकेतलं जुनं तत्त्व आहे. परदेशी माणसाला अमेरिकेत येण्याचा हक्क नाही, त्यामुळे नकाराविरुद्ध दादही नाही, असा त्यामागचा विचार.

मग अमेरिकी नागरिक असलेला जोडीदार कोर्टात गेला तर? तसंही झालं आहे. एका अमेरिकी नागरिक महिलेच्या अफगाण पतीला दहशतवादविषयक कलमाखाली व्हिसा नाकारला गेला होता. तालिबान राजवटीत तो सरकारी कारकून होता. हे प्रकरण 'केरी विरुद्ध दिन' म्हणून ओळखलं जातं. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ५ विरुद्ध ४ मतांनी सरकारच्या बाजूनं निकाल दिला. नकारामागची सविस्तर कारणं सांगण्याचं बंधन सरकारवर आलं नाही. २०२४ मध्ये दुसऱ्या एका प्रकरणात याच न्यायालयानं आणखी स्पष्ट केलं की परदेशी जोडीदाराला देशात येऊ दिलंच पाहिजे, असा घटनात्मक हक्क नागरिकाला नाही.

त्यामुळे अशा कुटुंबांपुढे कोर्टाचा रस्ता जवळपास बंद होतो आणि उरतो तो राजनैतिक रस्ता.

राजनैतिक पातळीवर काय घडलं?

क्युबानं या पाच जणांना राष्ट्रवीर घोषित केलं. त्यांचे चेहरे भिंतींवर आणि रस्त्याकडेच्या फलकांवर झळकले. बायकांना व्हिसा नाकारण्याचा मुद्दा क्युबाचे मुत्सद्दी संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठांवर सतत मांडत राहिले. अर्थात यात क्युबाचा राजकीय फायदाही होता आणि हवानातल्या तुरुंगांमध्ये विरोधकांना कसं वागवलं जातं यावर तेच सरकार गप्प होतं.

पण टीका फक्त क्युबाकडून झाली नाही. क्युबा सरकारवर नेहमी कोरडे ओढणाऱ्या अॅम्नेस्टी इंटरनॅशनलनंही अमेरिकेला वारंवार लिहिलं. बायकांना भेट नाकारणं ही विनाकारण जादा शिक्षा आहे आणि कैद्यांना माणुसकीनं वागवण्याच्या निकषांत ती बसत नाही, अशी संस्थेची भूमिका होती.

हे निकष कागदावर स्पष्ट आहेत. संयुक्त राष्ट्रांनी १९८८ मध्ये मंजूर केलेल्या तत्त्वांनुसार कैद्याला कुटुंबीयांच्या भेटीचा हक्क आहे. त्यावर वाजवी अटी घालता येतात. २०१५ च्या 'नेल्सन मंडेला नियमां'मध्येही नातेवाइकांशी नियमित संपर्क आणि भेटी यांची तरतूद आहे. मात्र परदेशी नातेवाइकाला व्हिसा द्या, असं यातला कुठलाच नियम थेट सांगत नाही. कैद्याचा हक्क तुरुंगाच्या दाराशी आहे आणि नातेवाईक अडतो तो देशाच्या सीमेवर. या दोन्हींच्या मधली जागा कायद्यानं रिकामी ठेवली आहे.

मग ते मूल कसं झालं?

२०१३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेचे सिनेटर पॅट्रिक लेही हवानाच्या दौऱ्यावर होते. त्यांच्या पत्नी मार्सेल यांची आद्रियानांनी भेट घेतली. नवरा सुटेल याची आशा नाही, चाळिशी ओलांडली आहे आणि मूल हवं आहे, असं त्यांनी सांगितलं. एका बाईनं दुसऱ्या बाईपुढे मन मोकळं केलं होतं. मार्सेल लेही यांनी ते मनावर घेतलं.

पती-पत्नीला एकांतात भेटू देणं अमेरिकेच्या केंद्रीय तुरुंगांच्या नियमांत बसत नव्हतं. पण कृत्रिम गर्भधारणेसाठी परवानगी दिल्याचा जुना दाखला होता. लेही यांच्या कार्यालयानं त्याचा पाठपुरावा केला. हर्नांदेझ यांचं वीर्य गोठवून पनामाला पाठवण्यात आलं आणि उपचार तिथे झाले. खर्च क्युबानं केला. पहिला प्रयत्न फसला, दुसरा यशस्वी झाला. ६ जानेवारी २०१५ रोजी हवानात मुलीचा जन्म झाला.

ही मदत एकतर्फी नव्हती. अॅलन ग्रॉस हे अमेरिकी सरकारसाठी काम करणारे कंत्राटदार २००९ च्या डिसेंबरपासून क्युबाच्या कैदेत होते. या देवाणघेवाणीतून तुरुंगातली त्यांची परिस्थिती थोडी सुधारली आणि दोन्ही देशांत विश्वासाची पहिली वीट बसली. क्युबानंही प्रत्येक वेळी मोठं मन दाखवलं असं नाही. ग्रॉस यांच्या पत्नीला त्यांनी भेटी घेऊ दिल्या, पण २०१४ मध्ये आई मरणाच्या दारात असताना ग्रॉस यांना तिला भेटायला जाऊ दिलं नाही. अखेर १७ डिसेंबर २०१४ रोजी ग्रॉस मायदेशी गेले आणि हर्नांदेझ यांच्यासह शेवटचे तीन क्युबन कैदी हवानाला परतले.

हे फक्त अमेरिकेतच होतं का?

नाही. गाझातले अनेक पॅलेस्टिनी कैदी इस्रायलच्या हद्दीतल्या तुरुंगांत असतात. त्यामुळे घरच्यांना भेटीसाठी सीमा ओलांडावी लागते. हमासनं गाझाचा ताबा घेतल्यावर जून २००७ मध्ये इस्रायलनं गाझातल्या कुटुंबांच्या भेटी सरसकट बंद केल्या. २००९ मध्ये इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयानंही त्यात हस्तक्षेप केला नाही. गाझाचे रहिवासी परदेशी आहेत आणि त्यांना इस्रायलमध्ये प्रवेशाचा हक्क नाही, हा मुद्दा तिथेही निर्णायक ठरला. कैद्यांच्या मोठ्या उपोषणानंतर जुलै २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसच्या मदतीनं भेटी पुन्हा सुरू झाल्या. दुसऱ्या बाजूला, हमासनं पकडलेल्या गिलाद शालित या इस्रायली सैनिकाला पाच वर्षांहून अधिक काळ घरचे सोडाच, रेड क्रॉसही भेटू शकली नव्हती.

ग्वांतानामोच्या अमेरिकी तुरुंगात २००२ पासून परदेशी कैदी आहेत. तिथे नातेवाइकांच्या भेटींना परवानगीच नाही. रेड क्रॉसनं पत्रं आणि नंतर फोन व व्हिडिओ कॉलची सोय केली, तेवढाच दुवा.

जाधव प्रकरणात काय झालं होतं?

मराठी माणसाला हा विषय परका नाही. मुंबईचे कुलभूषण जाधव यांना पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयानं एप्रिल २०१७ मध्ये हेरगिरी आणि दहशतवादाच्या आरोपांखाली फाशीची शिक्षा सुनावली. भारतानं हे आरोप फेटाळले. आईनं भेटीसाठी व्हिसा मागितला. तो अर्ज कित्येक महिने पडून राहिला. तत्कालीन परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी याबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली होती.

अखेर २५ डिसेंबर २०१७ रोजी आई आणि पत्नी इस्लामाबादला गेल्या. भेट झाली ती मध्ये काच ठेवून, इंटरकॉमवरून. भारताच्या परराष्ट्र मंत्रालयानं दुसऱ्या दिवशी सांगितलं की दोघींना मंगळसूत्र, बांगड्या, टिकली काढायला लावली, कपडे बदलायला लावले, पत्नीचे बूट परत दिले नाहीत आणि आईला मुलाशी मराठीत बोलू दिलं नाही. पाकिस्ताननं सुरक्षेचं कारण दिलं.

१७ जुलै २०१९ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं पाकिस्ताननं व्हिएन्ना कराराच्या कलम ३६ चा भंग केल्याचं म्हटलं. पण हे कलम बोलतं ते मुत्सद्द्यांच्या भेटीबद्दल. कैद्याच्या देशाचा अधिकारी त्याला भेटू शकतो, हा हक्क आहे. आईनं भेटणं मात्र यजमान देशाच्या मर्जीवर राहतं. पाकिस्ताननं ती भेट 'मानवतावादी भूमिकेतून' दिली असं सांगितलं. म्हणजे हक्क म्हणून नव्हे, मेहेरबानी म्हणून.

सुरक्षेची भीती खरी असेल तर?

ती खरी असू शकते. भेटीला आलेला माणूस निरोप पोहोचवू शकतो, हे कुठल्याही तुरुंग अधिकाऱ्याला ठाऊक असतं. पण त्यावर भेटीच्या खोलीत उपाय करता येतो. काचेआडची भेट, संभाषणावर लक्ष, कडक झडती, थेट विमानतळावरून तुरुंगात आणि तुरुंगातून विमानतळावर अशी बंदोबस्तातली ये-जा, तिसऱ्या देशाचा किंवा रेड क्रॉसचा मध्यस्थ, हे सगळे उपाय कुठे ना कुठे वापरले गेले आहेत. तेही शक्य नसेल तर व्हिडिओ कॉल.

या उपायांत त्रास आहे, कधी अपमानही आहे. तरी एक फरक राहतो. अटी घातल्या की धोक्याचा बंदोबस्त होतो आणि भेटही होते. सरसकट बंदीत मात्र धोका आहे की नाही हे तपासलंच जात नाही आणि शिक्षा होते ती न्यायालयानं कधीच दोषी न ठरवलेल्या माणसाला.

आजची स्थिती काय?

क्युबाला २०१५ मध्ये दहशतवाद्यांच्या पाठीराख्या देशांच्या यादीतून काढण्यात आलं. जानेवारी २०२१ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्या सरकारनं त्याला पुन्हा यादीत टाकलं. जानेवारी २०२५ मध्ये जो बायडन यांनी जाता जाता त्याला बाहेर काढण्याची घोषणा केली आणि काही दिवसांतच ट्रम्प यांनी शपथविधीच्या दिवशी ती फिरवली.

जून २०२५ मध्ये ट्रम्प यांनी परदेशी दहशतवाद्यांपासून संरक्षणाचं कारण देत १२ देशांवर पूर्ण आणि क्युबासह ७ देशांवर अंशतः प्रवासबंदी घातली. भेटीसाठी लागणारा व्हिसाही क्युबाच्या नागरिकांसाठी त्यात बंद झाला. आदेशात काही अपवाद आहेत. फुटबॉल विश्वचषक किंवा ऑलिंपिकसारख्या स्पर्धांसाठी येणारे खेळाडू, प्रशिक्षक आणि त्यांचे जवळचे नातेवाईक यांना त्यातून वगळलं आहे.

तुरुंगातल्या माणसाला भेटायला येणाऱ्या नातेवाइकांसाठी मात्र वेगळा अपवाद त्यात नाही. अशी एखादी बायको किंवा आई आज अर्ज घेऊन वकिलातीत गेली, तर तिला राष्ट्रहिताच्या नावाखाली खास परवानगीच मागावी लागेल. ती द्यायची की नाही, हे पुन्हा अधिकारीच ठरवतील.